न झालेली जखम

“...पण मग जखमा कधी बघायला मिळणार मला?” तनुजानं विचारलं.

दौलतबाबा टबातलं पाणी बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “आज किती जणांचे पाय धुतले?”

“चौदा.”

“काय सांगतलं पायांनी?”

“काही नाही. स्वच्छ आहेत सगळे.”

“मग उद्या पुन्हा धू.”

तनुजा इंगोले अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्राणिशास्त्रात पहिली. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने सेवा करायची म्हणून ती इथं आली होती.

दवाखाना तालुक्याच्या गावाबाहेर. दोन खोल्या आणि एक लांब ओसरी. कुष्ठरोगातून बरी झालेली, पण दुसऱ्या दवाखान्यांत अजूनही बाकाच्या टोकाला बसवली जाणारी माणसं इथं येत. डॉक्टर गुरुवारचे यायचे. बाकीचे दिवस दौलतबाबांचे.

बाबा इथले ड्रेसर. एकतीस वर्षं मलमपट्टी केलेली. त्याआधी ते इथलेच पेशंट होते. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. चिमटा ते तळव्यात दाबून धरत.

रोग जातो, पण पायातली गेलेली जाणीव परत येत नाही. काटा रुतला तरी पायाला पत्ता नसतो. म्हणून रोज पाय भिजवायचे, तेल लावायचं, नीट बघायचे. तनुजाकडे तेवढंच काम होतं.

तिला त्याचा कंटाळा आला होता. आणि आणखी एक गोष्ट तिला खटकत होती.

तिनं धुतलेल्या पायांपैकी दोन-चार पाय बाबा रोज निवडायचे. खाली बसायचे आणि त्या तळपायावर आपला गाल टेकवायचे. डोळे मिटून, क्षणभर.

दहाव्या दिवशी ती बोललीच.

“बाबा, राग मानू नका. पण पेशंटच्या पाया पडणं मला जमणार नाही. मी इथं विज्ञान शिकायला आलेय.”

ओसरीवरच्या माणसांनी माना वळवल्या.

बाबांनी दोन्ही हात टबात बुडवले.

“पाणी कसं हाये? गरम का थंड?”

तिनं बोट बुडवलं. “कोमट.”

“मले नाई सांगता येत.”

तनुजानं टबातून बोट काढलं.

“पाय आतून बिघडाले लागला का आधी तापते. जखम मागून येते. हात मेले माहे. गाल तेवढा शाबूत हाये.”

त्यांनी हात बाहेर काढले, पुसले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

तनुजा आपल्या हातांकडे बघत राहिली. दहा बोटं. दहाही जिवंत. दहा दिवस तिनं त्यांच्याकडून फक्त साबण लावून घेतला होता.

त्या दिवसापासून ती पाय धुताना बोलेनाशी झाली. आधी टाच, मग चवडा, मग अंगठ्याखालची गादी. एका पायाचा थंडावा हातात धरून ठेवायचा आणि दुसऱ्याला हात लावायचा.

“काय सांगतलं पायांनी?” बाबा विचारायचे.

“काही नाही,” ती म्हणायची. पण आता थांबून म्हणायची.

पाचव्या आठवड्यात, एका मंगळवारी, गुंफाबाई आली.

गुंफाबाई राऊत साठीच्या आतबाहेरची. डावा पाय चार वर्षांपूर्वी गुडघ्याखाली कापावा लागला होता, तिथं आता लाकडी पाय. उरलेल्या उजव्यावरच सगळा भार. त्या दिवशी मात्र तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. नवं हिरवं लुगडं पिशवीतून काढून ती सगळ्यांना दाखवत होती.

“लेकीनं बोलावलं मले! बारसं हाये रविवारी. अकरा वर्षांनी लेकरू झालं तिले.”

अकरा वर्षं लेकीचं घर तिनं पाहिलं नव्हतं. लग्नात जावयाच्या माणसांना तिच्या रोगाचं कळलं, आणि मांडवातूनच तिला परत पाठवलं होतं.

तनुजा पाय धूत होती. अंगठ्याच्या मागे, चवड्यावर तिचा हात थांबला.

तिनं हात काढला. स्वतःच्या मनगटाला लावला. पुन्हा पायाला लावला.

कातडी साफ होती. सूज नाही, लाली नाही, ओरखडासुद्धा नाही. पण एका रुपयाएवढी जागा... गरम.

“मावशी, तुम्हाला चालता येणार नाही. तीन आठवडे तरी नाही.”

गुंफाबाई हसली. “कायचं? काईच तर नाई झालं.”

“अजून नाही झालं. चाललात तर होईल.”

“दौलतभाऊ, सांग ना गा इले!”

बाबा आले. खाली बसले. गाल टेकवला... बराच वेळ.

मग उठून म्हणाले, “गरम तुले लागलं, पोरी. तूच सांग.”

तनुजानं सांगितलं. पायाची चित्रं काढून दाखवली. हाडाखालचं मांस कसं चेचतं ते सांगितलं. डावा पाय असाच गेला होता, याची आठवण दिली.

गुंफाबाईनं सगळं ऐकलं. लुगड्याची घडी नीट केली.

“सडकेवरून लेकीचं गाव तीन किलोमीटर हाये. मदात नाला. गाडी जात नाई. चालतच जा लागते.” तिचा आवाज चढला नाही. “पाय गेला तर जाऊ दे. दुसराबी गेलाच ना? लेक पुन्हा नाई बोलावनार.”

तनुजानं बाबांकडे पाहिलं. बाबा कापसाचे बोळे करत बसले होते.

गुरुवारी डॉक्टरांनी पाय पाहिला. तेही तेच म्हणाले: पाय टेकायचा नाही. गुंफाबाईनं त्यांनाही नमस्कार केला आणि पिशवी आवरायला घेतली.

तेव्हा तनुजा तिच्यासमोर उकिडवी बसली.

“मावशी, तुम्ही बारशाला जाणार.”

“हाव. सांगतलं ना.”

“तुम्ही जाणार. तुमचा पाय जाणार नाही.”

गुंफाबाईला कळेना. तनुजानं तिच्याकडून जावयाचा नंबर घेतला आणि ओसरीच्या टोकाला जाऊन फोन लावला.

जावयाचं नाव विलास. तिनं त्याला सगळं सांगितलं: पाय गरम आहे, जखम अजून झालेली नाही, एवढं चालली तर होईल. पलीकडून आवाजच येईना.

“ऐकताय ना?”

“...ऐकून राहिलो.”

“त्या नक्की येणार आहेत. चालत याव्या लागल्या तरी येणार. रविवारी सकाळी मी त्यांना फाट्यापर्यंत आणते. पुढचं तुम्ही बघा.”

फोन कट झाला.

रविवारी सकाळी तनुजा गुंफाबाईला रिक्षातून घेऊन निघाली. उजव्या पायाखाली उशी. नाही कोणी आलं तर काय, हे दोघींनाही विचारायचं नव्हतं.

फाट्यावर बाभळीच्या सावलीत तीन माणसं उभी होती. मध्ये एक प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधलेले.

विलास पुढं आला. त्यानं वाकून सासूला दोन्ही हातांवर उचललं आणि खुर्चीत बसवलं.

“मामी, घट्ट धरा.”

अकरा वर्षांतला हा त्याचा तिच्याशी पहिला शब्द.

बांबूंची पुढची दोन्ही टोकं त्यानं स्वतःच्या खांद्यांवर घेतली.

वावरातून, नाल्यातून, दगडांवरून ती खुर्ची निघाली. अवकाळी पावसानं नाल्यात पाणी पोटरीएवढं होतं. गुंफाबाईनं लुगडं सावरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “हळू चाला रे! लेकीची माय हाये मी!”

तिघंही हसले. तनुजा मागून पळत होती, हातात गुंफाबाईची एकुलती चप्पल.

गावातली माणसं दारात आली. पोरं खुर्चीमागं धावू लागली. कोणीतरी विचारलं, “कोन हाये?” विलासनं न थांबता सांगितलं, “माही सासू.”

अंगणात खुर्ची पाळण्याशेजारी ठेवली. बारसं व्हायचं होतं, बायका जमल्या होत्या. रत्नमाला, तिची लेक, घरातून धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. मग आत गेली. लेकरू घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

गुंफाबाईनं वाकड्या हातांचा पाळणा केला. लेकरानं जांभई दिली.

तनुजानं तोंड फिरवलं. तिला रडू आवरत नव्हतं, आणि इतका आनंद तिला पहिली आल्यावरसुद्धा झाला नव्हता.

पुढचे तीन आठवडे गुंफाबाई लेकीकडेच राहिली, खाटेवर. पाय टेकवला नाही. हात लावून पाय कसा बघायचा, ते तनुजा विलासला शिकवून आली होती. विलास एक दिवसाआड फोन करायचा: “आज बी गरमच हाये थोडा,” आणि मग एकदा, “बाई... आज सगळीकडं सारखंच लागते.”

त्यानंतरच्या गुरुवारी विलासनं तिला दवाखान्यात आणलं. तनुजाच्या सुट्टीचा तो शेवटचा आठवडा.

तिनं पाय हातात घेतला. टाच, चवडा, अंगठ्याखालची गादी.

थंड. सगळीकडे एकसारखा थंड.

डॉक्टरांनी मऊ तळाची नवी चप्पल दिली, आणि थोडं थोडं चालायची परवानगी. चपलेत पाय घालून गुंफाबाई उभी राहिली. एक पाऊल टाकलं. दुसरं. विलास हात द्यायला पुढं झाला, तर तिनं हात झटकला. ओसरीवरची चौदा-पंधरा माणसं टाळ्या वाजवत होती, ज्यांना टाळी जमत नव्हती ती बाकावर थाप मारत होती.

तनुजा धावत बाबांकडे आली.

“बाबा, वाचला! वाचला पाय!”

बाबा चिमटे उकळत होते. मान हलवली. डोळे ओले होते, पण ते वाफेनंही असतील.

ती पायरीवर बसली. हसली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं.

“पण बाबा, कॉलेजात विचारतील ना, काय काम केलं म्हणून. टाका नाही, इंजेक्शन नाही, पट्टीसुद्धा नाही... जखमच झाली नाही! आता मी त्यांना दाखवू काय?”

दौलतबाबांनी वळलेल्या बोटांनी फाटकाकडे दाखवलं. हिरवं लुगडं सावरत कोणीतरी सावकाश, एकेक पाऊल टाकत फाटकाबाहेर पडत होतं.

“ते काय... एसटी पकडाले निघालं.”