झाकणभर चहा

"केबल नवी, पोर्ट चालू, परवानगीच्या यादीत नावही आहे. मग टेप ड्राइव्ह दिसत का नाही, काका?"

मुजावर काका, मी फोन करून बोलावलेले, दाराशीच थांबले. आधी चपला काढल्या. सर्व्हरच्या खोलीत ते अजून चपला काढूनच येतात. माझ्याआधी ही खोली तेच सांभाळायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी.

मिरजेतल्या आमच्या हॉस्पिटलची जुनी कागदपत्रं टेपवर आहेत. टेप वाचणारा ड्राइव्ह एका स्विचला जोडलेला. त्या स्विचमधूनच तो कॉम्प्युटरला दिसतो. आज दिसत नव्हता. आणि हौसाबाई कोळेकरांचं ऑपरेशन आजच, एक वाजता. आठ वर्षांपूर्वी भुलीच्या कुठल्याशा औषधाने त्यांचा श्वास थांबला होता. कुठल्या, ते फक्त टेपला ठाऊक. भूलतज्ज्ञांचा तिसरा फोन येऊन गेला होता.

"काय काय केलंत?"

मी वही पुढे केली. मी सगळं लिहून ठेवते. पोर्ट बंद, चालू. ड्राइव्ह बंद, चालू. वेळेसकट.

"किती वेळा?"

"एकवीस. शेवटचं, तुम्ही चपला काढत होता तेव्हा."

"गणपतीला दूर्वा वाहिल्यासारखं."

मला हसू आलं नाही. मी कोर्स केलाय याचा, पहिल्या वर्गात पास झालेय. हेही सांगून टाकलं. का सांगितलं, कोण जाणे.

"मधे किती थांबता?"

"पिवळा दिवा लुकलुकेपर्यंत. लुकलुकला की समजायचं, बिघाड. की परत बंद."

"बिघाड, असं कोण म्हणालं?"

"पिवळा आहे ना..."

काका दिव्याकडे बघत राहिले. तेवढ्यात मी पाळणाघरात फोन लावला. मुलगा अकरा महिन्यांचा. सकाळी अंगात कणकण होती. पलीकडून सावंतबाई कुजबुजल्या, "अहो ताई, झोपला होता हो! तुमचा फोन वाजला की उठतो तो." मागे त्याचं रडणं.

"किती वेळा?" काकांनी विचारलं.

"हे नाही लिहिलेलं."

बोट परत बटणाकडे गेलं. बाविसावं होणार, तोच काकांनी पिशवीतून थर्मास काढला, झाकणात काठोकाठ चहा ओतला आणि माझ्या हातात दिला. दोन्ही हातांत.

"घ्या. सांडू देऊ नका."

"काका, अहो, तिकडे हौसाबाई..."

"सांडतोय बघा."

झाकण स्टीलचं, बोटं भाजत होती. ठेवू कुठे? एकीकडे कीबोर्ड, दुसरीकडे वायरींचं जंजाळ. उभी राहिले नुसती. पिवळा दिवा लुकलुकत होता...

"ऐका," काका म्हणाले.

ड्राइव्हच्या पोटात काहीतरी बारीक गुरगुरत होतं. सकाळपासून मी ते ऐकलंच नव्हतं.

"काय करतोय?"

"टेप मागे गुंडाळतोय. गुंडाळून झाली की स्विचला स्वतःचं नाव सांगेल."

"किती वेळ लागतो त्याला?"

काकांनी माझ्या हातातल्या झाकणाकडे बोट केलं.

पाच मिनिटं गेली. सात. चहावर साय धरली. मग दिवा हिरवा झाला आणि पडद्यावर ड्राइव्हचं नाव उमटलं. काकांनी कशालाही हात लावला नव्हता.

बाराला दहा कमी असताना हौसाबाईंचा कागद निघाला. मी औषधाचं नाव फोनवर सांगितलं. भूलतज्ज्ञ म्हणाले, "हेच देणार होतो."

मी खुर्चीत बसले. गार चहा एका घोटात संपवला. आनंद व्हायला हवा होता. डोक्यात नुसता गुंता.

"काका, मग बिघाड होता कुठे?"

"केबलमध्ये."

"पण ती तर पहिल्या पाळीवाल्यांनी आठलाच बदलली!"

"हो."

"मग मी नऊपासून..."

काकांनी वही मिटून माझ्यापुढे सरकवली.

मी वहीकडे बघितलं. त्यांच्याकडे बघितलं. काही उमगेना. हात तेवढा आपोआप मोबाइलवर गेला. सावंतबाईंचा नंबर सगळ्यात वर होता.

काकांनी थर्मास उचलला. झाकण परत काठोकाठ भरलं.

"घ्या. सांडू देऊ नका."