दोन डबे आणि अकरावं मिनिट

“या दोन्हींतला खरा कुठला, बुवा?”

सुधन्वा हे तिसऱ्यांदा विचारत होता. व्यंकटेशबुवा कागवाडकर शेंगा सोलत होते, आणि हातातलं काम सोडून उत्तर द्यायचं नाही ही त्यांची सवय साऱ्या कुरुंदवाडला माहीत होती.

चटईवर दोन डबे मांडले होते. एक काळा, पसरट. दुसरा रुपेरी, उभा. दोघांचं काम एकच. लॅपटॉपमध्ये आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचा आवाज करायचा आणि तो हेडफोनला पुरेशा जोराने पोचवायचा. पुण्याच्या दुकानदाराने दोन्ही आठवडाभर घरी ऐकायला दिले होते. सोमवारी एक ठेवून दुसरा परत करायचा होता.

“खरा म्हणजे कसा?” बुवांनी अखेर विचारलं.

“जो पदरचं काही घालत नाही. जसं गायलं तसं ऐकवतो.”

“ते पुण्यात कळलं नाही? इथवर डबे घेऊन आलास?”

“तुमचा कान हवा होता.”

“माझा कान एकोणऐंशी वर्षांचा आहे... दुकानदार बदलून देत नाही म्हणतो.”

सुधन्वा हसला नाही. यंत्रांच्या बाबतीत त्याला थट्टा चालत नसे. नऊ वर्षांत त्याने तीन यंत्रं आणि चार हेडफोन बदलले होते. या विषयावर तो तासभर बोलू शकत असे, आणि कुणी अडवलं नाही तर बोलतही असे. फक्त एक गोष्ट तो कुणाला सांगत नसे. नवं यंत्र घरी आलं की तो सगळ्यात आधी एकच तुकडा लावायचा.

तोच त्याने आताही लावला.

नऊ वर्षांपूर्वीची, सांगलीतली बुवांची मैफल. दोन तानपुऱ्यांपैकी एक घेऊन सुधन्वा मागे गायनाच्या साथीला बसला होता. अकराव्या मिनिटाला त्याने गळ्यातून निषाद धरला. बुवा वरच्या षड्जाकडे, वरच्या साकडे, निघाले, आणि मध्येच थांबले. मान वळवून त्यांनी सुधन्वाकडे पाहिलं. भर मैफलीत, शे-दोनशे माणसांसमोर. त्याची मान जी खाली गेली ती गाणं संपेपर्यंत वर आली नाही. दुसऱ्या दिवशी तो पुण्याच्या गाडीत बसला. तिथे नोकरी धरली, आणि शिकायला पुन्हा आला नाही. दिवाळीला फोन तेवढा करायचा.

निषाद उतरला होता, म्हणजे बेसूर झाला होता, की नव्हता, एवढंच त्याला हवं होतं. नसेल उतरला, तर बुवांनी त्याच्यावर अन्याय केला होता. उतरला असेल, तर गाणं सोडलं ते बरंच झालं. दोहोंपैकी एक ऐकल्याशिवाय त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

बुवांनी हात धोतराला पुसले. हेडफोन चढवला. काळा ऐकला, रुपेरी ऐकला.

“दोन्ही चांगले आहेत की.”

“तसं नाही, बुवा. काळ्यात निषाद स्वच्छ लागलाय. रुपेरीत उतरल्यासारखा वाटतो.”

“मग तुला खरा कुठला वाटतो?”

“काळा.”

“वाटणारच. तुझ्या बाजूनं बोलतोय तो.”

सुधन्वा वरमला, पण मागे हटला नाही. “डोळे मिटूनसुद्धा ओळखीन मी.”

“मीट तर मग. पिन कुठं घालायची तेवढं दाखव.”

दाखवण्यासारखं फार नव्हतं. दोन्ही डबे लॅपटॉपला जोडलेलेच होते. तुकडा आपोआप पुन्हा पुन्हा वाजत होता. हेडफोनची पिन तेवढी एकातून काढायची आणि दुसऱ्यात घालायची.

सुधन्वाने हेडफोन चढवून डोळे मिटले. खुट्ट झालं.

“काळा,” तो म्हणाला. “ऐका ना, कसा टपोरा लागलाय.”

खुट्ट.

“हा रुपेरी. उतरलाच बघा.”

खुट्ट.

“परत काळा.”

“नक्की?”

“नऊ वर्षं ऐकतोय, बुवा.”

“उघड डोळे.”

सुधन्वाने हेडफोन उतरवला. पिन रुपेरी डब्यात होती.

“तिन्ही वेळा यातच होती,” बुवा म्हणाले. “काढायचो आणि परत तिथंच घालायचो. ही कळ तेवढी हलवली.” त्यांनी आवाजाची गोल कळ नखाएवढी पुढे केली, नखाएवढी मागे घेतली. “जरा मोठं केलं की तुझा सूर लागतो. जरा बारीक केलं की उतरतो.”

सुधन्वाचे कान तापले. दोन यंत्रांची तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घ्यायचा, हा या छंदातला पहिला धडा. नवशिक्यांना तो स्वतः बजावून सांगायचा. आणि आपल्याच निषादापाशी तो हे साफ विसरला होता. एवढा खजील तो सांगलीतसुद्धा झाला नव्हता.



“मग तुम्हीच सांगा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “उतरला होता का?”

“काय?”

“माझा निषाद.”

“कुठला निषाद?”

सुधन्वाने बुवांकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते.

“सांगलीचा. तुम्ही गाता गाता थांबलात. माझ्याकडे बघितलंत.”

“हां... ते होय.” बुवांनी टरफलं एका बाजूला सारली. “दम तुटला होता रे माझा. वरचा सा समोर होता, आणि छातीत वारा नाही. एरवी तू गावंस म्हणून मी हात करायचो. त्या दिवशी हात उचलेना. म्हणून नुसतं बघून बोलावलं.”

“मला वाटलं...”

“तू घेशील म्हटलं वरचा सा. तू खाली बघत बसलास.”

सुधन्वाची नजर लॅपटॉपकडे गेली.

“पुढं जाऊ दे की ते,” बुवांनी लॅपटॉपकडे बोट केलं. “तिथंच काय घोटाळतोयस मघापासनं.”

निषाद संपला की तुकडा पुन्हा पहिल्यापासून लागायचा, असं त्याचं नऊ वर्षं चाललं होतं. त्यापुढे तो कधी गेलाच नव्हता. त्याने पुन्हा हेडफोन चढवला आणि या वेळी गाणं पुढे जाऊ दिलं.

निषाद आला, गेला. मग नुसते दोन तानपुरे. एक श्वास... दोन श्वास. एवढ्या वेळात षड्ज सहज घेता आला असता. कुणीच घेतला नव्हता. मग बुवा खोकले आणि खालच्या सुरावर परतले.

त्याने हेडफोन काढला. त्याला रडू आलं, आणि बुवांपासून ते लपवावं असं त्याला वाटलं नाही.

“दुसऱ्या दिवशी विचारायचंस,” बुवा म्हणाले.

“तोंड नव्हतं.”

“मीही विचारायला हवं होतं. नोकरी लागली म्हणून गेला, असं धरून चाललो...”

बुवांनी सोललेले दाणे त्याच्यापुढे सरकवले. त्याने दोन उचलले, पण ते हातातच राहिले. ऊन चटईवरून उंबऱ्याकडे गेलं. सुधन्वाने डोळे पुसले आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं.

“सोमवारी एक परत करायचाय, बुवा. कुठला ठेवू?”

बुवांनी काळ्या डब्याकडे पाहिलं. मग रुपेरीकडे.

“ज्यात मी तुला मारलेली हाक ऐकू येते, तो ठेव.”