प्रशिक्षकाचा वाटा

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एका प्रशिक्षकाची अन्नावरची वासनाच उडाली. आजार वगैरे काही नव्हता. गावच्या क्रिकेट संघातल्या गोलंदाजांना तो शिकवीत असे, आणि एका प्रश्नाने त्याच्या पोटात घर केले होते.

प्रश्न विचारला होता संघाच्या आश्रयदात्याने. हे गृहस्थ काजूचे मोठे व्यापारी, गावात सगळे त्यांना शेठ म्हणत. एका संध्याकाळी ते मैदानावर आले आणि सहज म्हणाले, "मास्तर, आपला रवळू यंदा भराभर विकेटी काढतोय. त्यात रवळूचं किती आणि तुमचं किती?" प्रशिक्षक हातातला चेंडू पुसत राहिला. शेठ हसले. "असू दे. अंतिम सामना जिंकलात तर तुमचंही काही आहे असं धरून चालू. हरलात तर शहरातून दुसरा कोणी पाहावा लागेल." अशी माणसे रागावून बोलली तर बरे वाटते. ती हसून बोलतात तेव्हा भीती वाटते.

रवळू हा विशीतला तरुण, संघाचा सर्वांत वेगवान गोलंदाज. त्या दिवसापासून प्रशिक्षकाने त्याचा पिच्छाच पुरवला. सराव संपला की "अजून दोन षटकं टाक" म्हणायचे आणि ती दोन झाली की आणखी दोन. चेंडू जरा इकडेतिकडे पडला की प्रशिक्षकाचा चेहरा पांढराफटक. घरून आणलेला डबा तसाच परत जाई. दोन आठवडे असेच गेले. शेवटी न राहवून तो आपल्या गुरूंकडे गेला. त्यांना सारे आबा म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी गोलंदाज घडवले होते, आणि हा प्रशिक्षकही त्यांच्याच हाताखालचा.

शेठचा प्रश्न आणि रवळूची रोजची जादा षटके सांगून झाल्यावर त्याने विचारले, "आबा, स्पष्ट सांगा. गोलंदाजाच्या यशात शिकवणाऱ्याचा वाटा किती असतो?"

आबा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही. "सामन्याच्या सकाळी येतो मी. तीन नारळ आणून ठेव."

"तीन कशाला? आपण एकच फोडतो."

"तीन आण म्हटलं ना."

त्या गावची रीत अशी, की सामन्यापूर्वी पहिले षटक टाकणाऱ्याने ग्रामदेवतेच्या नावाने मैदानाकडेच्या दगडावर नारळ फोडायचा. सामन्याच्या सकाळी सगळा संघ दगडाभोवती जमला. शेठही आले होते. रवळूने उजव्या हाताने पहिला नारळ जोरात आपटला. त्याची दोन शकले झाली, सर्वांनी हात जोडले. आबांनी दुसरा नारळ पुढे केला. लोक एकमेकांकडे बघू लागले, पण वृद्धाला कोण अडवणार? या खेपेस रवळू दगडापाशी वाकला आणि त्याने नारळ खालच्या खाली आपटला. नारळाला नुसती चीर गेली. आबांनी शांतपणे तिसरा नारळ दिला. रवळूने तो डाव्या हातात घेतला आणि तसाच फोडला.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. देवाचा नारळ कोणी डाव्या हाताने फोडतो का? "अपशकुन झाला," असे शेठ मोठ्याने म्हणाले. प्रशिक्षक आबांना बाजूला घेऊन जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला, "आबा, हे काय केलंत? आजच्या दिवशी हे कशाला?"

"तुला काय दिसलं?"

"डावा हात. सगळ्यांनाच दिसला."

"मग उजव्याला काय झालं, ते कोणी पाहायचं?"

प्रशिक्षकाने रवळूकडे वळून पाहिले. आबा त्याच्या खांद्याला धरून हळूहळू बोलू लागले.

"तू वाटा विचारलास. ऐक. चेंडू हातातून सुटला की खेळपट्टी आहे, फलंदाज आहे, झेल घेणारा आहे, पंच आहे. त्या सगळ्यांचा वाटा काढून उरलं तर थोडं आपलं. ज्यांच्या अंगी गुण होता ते माझ्यावाचूनही पुढे गेले असते. मी फार तर त्यांची वाट थोडी सोपी केली. पण माझ्या हाताखाली एका मुलाचा खांदा निकामी झाला. दुखत असताना मी त्याला गोलंदाजी करायला लावली. तो आज पन्नाशीचा आहे आणि डाव्या हाताने केस विंचरतो. बाबा रे, यशात आपल्याला वाटेकरी पुष्कळ असतात. त्या खांद्यात मला एकही वाटेकरी सापडला नाही."

नाणेफेकीला थोडाच वेळ उरला होता. संघाची यादी प्रशिक्षकाच्या खिशात होती आणि गोलंदाज म्हणून तीत पहिले नाव रवळूचे होते. त्याला वगळायचे म्हणजे सामना जाणार, आणि सामना गेला की आपण गेलो, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी तो रवळूजवळ गेला.

"दुखतं का रे?"

"मला काहीच झालं नाही, सर."

"हात डोक्यावर ने बघू."

रवळूने हात उचलला. कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. ओठ घट्ट मिटलेले होते, पण डोळ्यांत पाणी आले.

"कधीपासून?"

"दुखतंय दोन आठवडे. वर जात नाही ते कालपासून."

"आणि मला बोलला नाहीस?"

रवळू खाली बघून म्हणाला, "सर, तुमचा डबा रोज तसाच परत जात होता. मी दुखतंय म्हटलं असतं तर तुमचं काय झालं असतं?"

प्रशिक्षक दगडाच्या कडेला खाली बसला. आपली भीती आपल्या पोटात आहे, असे तो इतके दिवस समजत होता. ती या पोराच्या खांद्यात जाऊन बसली होती. शेठच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले, आणि ते त्याला हवे होते त्याहून कितीतरी मोठे निघाले.

त्याने खिशातून यादी काढली, रवळूच्या नावावर काट मारली आणि ती शेठच्या देखत कर्णधाराच्या हातात दिली. गावाने सामना सपशेल गमावला, आणि पुढल्या महिन्यात शहरातून नवा प्रशिक्षक आला. सामन्याच्या दिवशी मात्र हा जुना प्रशिक्षक रवळूला घेऊन दिवसभर कडेला बसला होता, आणि दुपारी दोघांनी एकाच डब्यातून जेवण केले.

तुमच्या-माझ्या हाताखालीही माणसे असतात. त्यांना "दुखतंय" एवढे तुमच्यापाशी बोलता येते का, ते एकदा विचारून पाहा.