तिजोरीतलं दही

करंजपूर नगरात राहायचा राजा दुर्जय, राहायचे विद्यापीठाचे कुलगुरू शेषाचार्य, आणि वेशीपाशी राहायची धोंडू गवळ्याची लेक ठकी. एके दिवशी या तिघांचं एका दारावरून चांगलंच वाजलं!

दार विद्यापीठाचं. आजवर आत फक्त सरदारांची पोरं बसायची, पेंगायची आणि घरी जायची. शेषाचार्य कुलगुरू झाले आणि त्यांनी दार सताड उघडून टाकलं. म्हणाले, "ज्याला शिकायचंय त्यानं यावं. प्रजेच्या कष्टावर उभं राहिलंय ना हे? मग प्रजेचंच!" कुंभार आला, शिंप्याची सून आली, आणि ठकी तर दुधाची चरवी दाराशी ठेवून थेट पुढच्या रांगेत जाऊन बसली.

सरदार मुसमुसत राजाकडे गेले. राजा ताडताड आला. हातात हे एवढं कुलूप!

"आचार्य! विद्या अशी गावभर वाटलीत तर आमच्या सरदारांच्या पोरांना काय उरेल? खरवड?"

"महाराज, विद्या वाटून सरत नाही."

"वाटून सरत नाही अशी वस्तूच नाही जगात! असेल तर दाखवा. माझ्या राजवाड्यातून काहीही एक न्या. नगरात घरोघरी वाटा. पण नेल्यानं माझ्याकडचं कमी होता कामा नये. आणि पुनवेला मी परत मागितलं की भरभरून मिळालं पाहिजे! नाही जमलं तर या दाराला हे कुलूप, आणि तुम्ही वेशीबाहेर!"

"कबूल!" आचार्य म्हणाले. "बंद दाराआड शिकवायला मला तरी कुठं राहायचंय?"

म्हणाले खरे, पण राजा गेल्यावर डोकं धरून बसले. शिष्य सुचवू लागले.

"राजाच्या बागेतला सुगंध वाटू!"

"आणि परत कसा आणणार? नाकात भरून?"

"मग राजवाड्यावरचं ऊन!"

"आणि पुनवेला आभाळ आलं तर?"

ठकी उठली. "गुरुजी, कुलूप लागलं तर तुम्हाला दुसरं नगर मिळेल. मला मात्र जन्मभर आमचा गोठाच! तेव्हा हे माझ्यावर सोडा."

ती तडक गेली राजाच्या मुदपाकखान्यात. तिथं होती गोदामावशी. राजाचं दही तिच्या हातचं, सुरीनं वड्या पाडाव्या असं घट्ट! पणजोबांपासूनचं विरजण. राजाला दह्यावाचून घास उतरायचा नाही.

"मावशी, चमचाभर विरजण द्या की!"

"दिवे लागायच्या आत आलीस म्हणून देते हो," मावशी म्हणाली. दारात आलेल्याला विरजण नाही कसं म्हणायचं?

ठकीनं घरी दुधात ते विरजण घातलं. सकाळी चरवीभर दही! मग काय, दुधाच्या रतिबाबरोबर घरोघरी चमचा चमचा विरजण. ज्याला मिळालं त्यानं शेजाऱ्याला दिलं, शेजाऱ्यानं व्याह्याला. अख्ख्या करंजपुरात रवीची घुसळण, ताकाचे पेले आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पांढऱ्या मिशा!

राजा घोड्यावरून फिरायला निघाला. ओट्यावर एक बोळकी म्हातारी मिटक्या मारत होती.

"काय खातेस गं आजी?"

"तुमचंच दही, बाबा! या, वाटीभर खा!"

राजा लालबुंद! मुदपाकखान्यात शिरला आणि ओरडला, "माझं दही गावभर? मडकं उचला! तिजोरीत ठेवा! हे कुलूप घाला!"

"अहो महाराज, दही आहे ते, दागिना नव्हे!" मावशी म्हणाली.

"गप! पुनवेपर्यंत कुलूप निघणार नाही!"

राजानं जन्मात कधी विरजण लावलेलं नव्हतं, त्याला काय कळणार! पुनवेपर्यंत बिचारा कोरडा भात गिळत बसला, पण हट्ट सोडला नाही.

पुनव आली. दरबार भरला. तिजोरी उघडली, आणि अशी घाण सुटली की सरदार नाकाला उपरणं लावून खिडकीकडे पळाले! मडक्यात दह्याला हिरवी दाढी आली होती.

"बघा!" राजा नाक दाबून गरजला. "माझं दही गेलं! हरलात आचार्य!"

ठकी पुढं झाली. "महाराज, मी चमचाभर नेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं मडकं कसं होतं?"

"काठोकाठ!" गोदामावशी मागून ओरडली. "वर साय होती साय!"

"म्हणजे मी नेलं तेव्हा कमी झालं नाही. नासलं कधी? कुलूप लागलं तेव्हा!"

राजानं पुन्हा मडक्यात डोकावून पाहिलं. मग एकदम त्याचा चेहरा पडला. "अगं, पण पणजोबांचं विरजण... आता मला जन्मात तसं दही नाही!"

"मग परत मागा की! अट तुमचीच आहे."

राजा इकडं तिकडं बघत पुटपुटला, "द्या... परत."

"मोठ्यानं, महाराज! वेशीपर्यंत ऐकू जाऊ दे!"

"माझं दही परत द्या हो!"

आणि दरवाजातून लोटले लोक! कुंभार मडकं घेऊन, शिंप्याची सून गाडगं घेऊन, बोळकी म्हातारी वाटी घेऊन. दरबारात पाय ठेवायला जागा उरली नाही. राजानं बोट बुडवलं, चाटलं, डोळे मिटले. "तेच! तेच माझं दही!" आणि असा खदाखदा हसला की मिशीवरचं दही उडून सेनापतीच्या नाकावर बसलं!

"हरलो, आचार्य! दार तुमचं... नाही, नाही, दार सगळ्यांचं! पोरी, माग काय हवं ते!"

"ते कुलूप द्या, महाराज."

"कुलूप? आता कशाला?"

"विद्यापीठाचं दार वाऱ्यानं सारखं लागतं. उघडं राहावं म्हणून खाली टेकण लावायला!"

राजा पुन्हा पोट धरून हसला. कुलूप तर दिलंच, वर धोंडूला शिंगाळ म्हशी दिल्या आणि विद्यापीठाच्या पंगतीला दही पुरवायचं काम दिलं. ठकीची आई रोज दह्याचं गाडगं घेऊन यायची. एकदा दाराशी ऐकत थांबली, मग आत बसली, आणि पुढं लेकीच्या बरोबरीनं वाचू लागली. घरात दूधदुभतं मावेना. आणि शेषाचार्य थकले तेव्हा त्यांच्या आसनावर ठकी बसली. दार उघडंच होतं, खाली कुलूप टेकलेलं!