मावळतीची काच

एका गावात रुद्राप्पाशेट नावाचे एक व्यापारी राहत. गाव इतकं भराभर वाढत होतं, की दूध आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत त्याच्या दारासमोर दोन मजले चढलेले असत. वाट चुकलेले ढग गच्च्यांवर टेकून पत्ता विचारत. खोटं वाटत असेल, तर ढगांनाच विचारा.

त्या गावात श्रीमंती थंडीवरून ओळखत. भर वैशाखात वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्याला दारातच शाल द्यायची, अशी रीत होती. पाहुणा जितका कुडकुडेल, तितका यजमान मोठा.

शेटजींनी तर अख्खी काचेची हवेली बांधली. मावळतीचं ऊन थेट आत शिरे आणि त्याला हाकलायला भिंतीभर गारव्याची यंत्रं घोंघावत. शेजारच्या भागूकाकूंचं घर बुटकं, जाड भिंतींचं. गच्ची चुन्याने पांढरी, खिडक्यांवर रुंद छज्जे.

"काकू, तुमच्याकडे पाहुणा साधा शिंकतसुद्धा नाही!" शेटजी चिडवत.

"शिंकायला कशाला येईल? तो गप्पा मारायला येतो," काकू म्हणत.

वास्तुशांतीला शेटजींची लेक तान्ह्या बाळाला घेऊन आली. पाहुणे शाली लपेटून जिलबी खात होते. तेवढ्यात साऱ्या गावाच्या यंत्रांनी एकदम ओढ घेतली आणि वीज दमून बसली. हवेलीच्या काचा उघडणाऱ्या नव्हत्याच. बघता बघता आत भट्टी पेटली. बाळ लालबुंद झालं, मग रडायचंही थांबलं.

"बाबा, ह्याच्याकडे बघा हो!" लेक किंचाळली.

शेटजी बाळाला छातीशी धरून धावले, ते थेट काकूंच्या ओसरीवर. तिथे दुपार मांजरासारखी पेंगत होती. वाळ्याच्या ओल्या पडद्यातून वारा पावलं न वाजवता आत येत होता. काकूंनी ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसलं. बाळाने हळूच डोळे उघडले, जांभई दिली आणि काकूंचं बोट घट्ट धरलं.

एवढ्यात वीज आली. "शेटजी, चला! गारवा सुटला!" पाहुण्यांनी हाका मारल्या.

शेटजी हलले नाहीत. "गवंड्याला बोलवा," ते म्हणाले. "मावळतीची काच उतरवायची. तिथे जाड भिंत, उघडणारी खिडकी आणि वर हातभर छज्जा."

"अहो, लोक हसतील!" एक पाहुणा म्हणाला.

"हसू देत. त्यांचं हसू आवरेपर्यंत माझा नातू मोठा होईल."

लोक हसले. मग एकेक जण गुपचूप ती भिंत बघून गेला आणि आपापल्या घरी छज्जे बांधू लागला. पुढच्या वैशाखात नातू त्या खिडकीपाशी ढाराढूर झोपला होता. मावळतीचं ऊन छज्ज्यापर्यंत आलं, जरा घुटमळलं आणि आल्या पावली परत गेलं.

तात्पर्य: घर बांधतानाच ऊन बाहेर अडवावं; दिमाखासाठी उधळलेली वीज नेमकी गरजेच्या वेळी सगळ्यांनाच दगा देते.