पाणी मारलेली कोथिंबीर

भाज्या अजून भांड्यांशी बोलत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात बांबूची म्हातारी रोवळी खुंटीवर टांगलेली होती. पूर्वी घरातली प्रत्येक पालेभाजी तिच्यात बसून न्हायची. तो ओल्या मातीचा वास तिला अजून आठवे.

आज मात्र, बाळंतपणाला माहेरी आलेल्या कुमुदच्या कोशिंबिरीसाठी कोथिंबीर तशीच विळीकडे निघाली होती.

"अगं, अंघोळ?" रोवळी कडाडली.

"आजीबाई, डोळे तपासा! भाजीवाल्याने दिवसभर पाणी मारलंय. बघा कशी चमकतेय!"

"कुठलं पाणी?"

"गाड्याखालच्या डब्यातलं."

"आणि डब्यात कुठून आलं?"

कोथिंबिरीचा आवाज खाली आला. "शेजारच्या गटारातून."

"गटार शिंपडायचं आणि ताजी म्हणून ओरडायचं! ते त्या पोटुशीच्या पोटात घालणार तू?"

कुमुदच्या आईने विळी पुढे ओढली. तशी रोवळीने खुंटी सोडली आणि ती थेट जुडीवर पडली.

"अगबाई, किती वर्षांनी हातात आलीस!" आई हसली. तिने जुडी सोडून रोवळीत घातली आणि रोवळी पाण्याच्या पातेल्यात बुडवली.

पाणी काळपट झालं. कोथिंबीर बघतच राहिली. "हे माझ्या अंगावर होतं?"

"हलू नकोस," रोवळी हळूच म्हणाली. "अजून दोन पाण्यांतून काढायचंय तुला."