पाडसाची झोप

मुलांनो, झोपेत तुम्ही कधी घाबरून पाय झाडता का?

फार जुन्या काळी माळावरच्या हरणांच्या कळपात दोन जावा होत्या. दोघींना एकेक पाडस होतं. दुपारी बाभळीखाली झोपली की दोन्ही पाडसं पाय झाडायची, कण्हायची. त्यांना स्वप्नात लांडगा दिसायचा.

धाकटी लगेच आपल्या पाडसाला चाटून जागं करायची. थोरली मात्र स्वस्थ पडून राहायची.

"जाऊबाई, तुमचं काळीज दगडाचं आहे," धाकटी एकदा म्हणाली.

थोरली हसली. "अगं, लाथा खाऊन माझं पोट सुजलंय! पण झोपेत पळतंय ना, पळू दे. लांडगा पहिल्यांदा स्वप्नात भेटलेला बरा."

"माझ्या बाळाला मी भिऊ देणार नाही," असं म्हणून धाकटीने कण्हणाऱ्या पाडसाला पुन्हा उठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतातून लांडगा आला. थोरलीचं पाडस उडी मारून सुटलं. धाकटीचं लांडग्याकडे बघतच राहिलं. ती हाका मारत होती, तरी जागचं हललं नाही. कळप ओढ्यापलीकडे थांबला, तेव्हा त्यात एकच पाडस होतं.